निनावी पैशाला नाव कोणाचे?

जरीपटका हे एके काळी मराठी फौजेच्या भरजरी निशाणाचे नाव होते. फौज कोणाची आणि तिच्या कृत्याचा जाब कोणाला विचारायचा, हे त्या निशाणावरून लांबूनच कळत असे. उत्तर नागपुरातील ज्या वस्तीला आज हे नाव आहे, तिथे फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांनी नव्याने संसार मांडले आणि स्वतःच्या कष्टाने एक बाजारपेठ उभी केली. शेजारच्या इंदोऱ्यात आंबेडकरी चळवळीने घडविलेली कष्टकऱ्यांची वस्ती आहे. जरीपटक्यातला दुकानदार असो की इंदोऱ्यातला कामगार, आज बँकेत साधे खाते उघडायचे तर त्याला आधार द्यावे लागते, पॅन द्यावे लागते, छायाचित्र आणि सही द्यावी लागते. आणि त्याच खात्यांच्या वाटेने, ज्याचा खरा धनी कोण हे कोणालाच सांगता येत नाही असा पैसा अवघ्या काही मिनिटांत देशाबाहेर निघून जाऊ शकतो. आभासी चलनाच्या निनावीपणाविषयी जगभर जो वाद चालू आहे, त्याचे मर्म या विसंगतीत आहे. समाजवादी कार्यकर्त्याने या वादाकडे पाहावयाचे ते याच ठिकाणी उभे राहून.

वादाची मांडणी सामान्यतः अशी केली जाते. एका बाजूला सरकारे, पोलीस आणि मध्यवर्ती बँका आहेत. त्यांचे म्हणणे असे की, निनावी चलन ही खंडणीखोरांची, अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांची आणि ठकसेनांची सोय आहे. म्हणून प्रत्येक व्यवहार शासनाच्या नजरेखाली आला पाहिजे. दुसऱ्या बाजूला या चलनाचे पुरस्कर्ते आहेत. त्यांच्या मते आपला पैसा आपल्यापुरता ठेवणे हा माणसाचा हक्क आहे. गुन्हेगार नोटाही वापरतात, म्हणून काही कोणी नोटा छापणे थांबवीत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण दोन्ही पक्ष एक गोष्ट न बोलता गृहीत धरून चालतात. निनावीपणा जणू सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो, असे ते समजतात. विषमतेवर उभ्या असलेल्या समाजात पाणी, जमीन, शिक्षण यांपैकी काहीही सारखे वाटले जात नाही. मग निनावीपणा तरी सारखा कसा वाटला जाईल? तो वरच्यांच्या वाट्याला येतो आणि त्याची किंमत म्हणून खालच्यांची नावे पोलिसांच्या कागदावर चढतात.

हे समजण्यासाठी प्रथम या चलनाची रीत पाहिली पाहिजे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले. ते निर्माण करणारा कोण, हे आजतागायत निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पलीकडे जाणार नाही, अशी त्याची घडण आहे. त्याचा हिशेब कोणा एका बँकेजवळ नसतो. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच खतावणी ठेवलेली असते, ती कोणीही उघडून पाहू शकतो, आणि तिच्यात झालेली नोंद मागाहून खोडता येत नाही. मात्र या खतावणीत नावे नसतात. असतात ते अक्षरांचे आणि आकड्यांचे लांबलचक पत्ते. ज्याच्याजवळ त्या पत्त्याची गुप्त किल्ली, तो त्या पैशाचा धनी. म्हणजे व्यवहार सर्वांना दिसतो, व्यवहार करणारा दिसत नाही.

तेव्हा बिटकॉइन संपूर्ण निनावी आहे, हा समजही बरोबर नाही. एखादा पत्ता कोणाचा हे एकदा कळले की त्या माणसाचा मागचा सारा हिशेब उघडा पडतो. अमली पदार्थांची विक्री चालणारा ‘सिल्क रोड’ हा बाजार अमेरिकन पोलिसांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये बंद पाडला, तेव्हा या खतावणीचा पुरावा म्हणून उपयोग झाला. कंबोडियात सक्तीने राबविलेल्या माणसांकरवी जगभर फसवणूक करविल्याच्या आरोपावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने एका उद्योगसमूहाच्या प्रमुखावर खटला भरला आणि १,२७,२७१ बिटकॉइन जप्त करण्याची कारवाई केली. त्यांची किंमत सुमारे १५ अब्ज डॉलर होती. एखाद्या बलाढ्य सरकारच्या मनात आले की निनावीपणाचा पडदा बाजूला करता येतो, एवढे यावरून दिसते. पडदा अधिक दाट करण्याचे उपायही अर्थातच निघाले. मोनेरोसारख्या चलनांत खतावणीच झाकलेली असते. ‘टोर्नाडो कॅश’सारख्या यंत्रणा अनेकांचा पैसा एकत्र कालवून पुन्हा वाटतात, त्यामुळे कोणाचा कोणता हे सांगता येत नाही. अमेरिकन सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये या यंत्रणेवर निर्बंध घातले, न्यायालयाच्या प्रतिकूल निर्णयानंतर मार्च २०२५ मध्ये ते उठविले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्या एका निर्मात्याला एका आरोपाखाली दोषीही ठरविण्यात आले. प्रगत देशांनाही या प्रश्नाचा निकाल एका घावात लावता आलेला नाही.

आता जरीपटक्यासारख्या वस्तीत या यंत्राचा शेवटचा दात कुठे रुततो ते पाहू जाता काय दिसते? सायबर ठगांची आजची रीत ठरून गेली आहे. कोणा निवृत्त शिक्षकाला फोन येतो. पलीकडचा माणूस स्वतःला पोलीस अधिकारी म्हणवितो, ‘डिजिटल अटक’ झाल्याची बतावणी करतो आणि आयुष्याची पुंजी एका खात्यात भरावयास लावतो. ते खाते ठगाचे नसते. ते एखाद्या बेकार तरुणाचे, फेरीवाल्याचे किंवा घरकाम करणाऱ्या बाईचे असते. पाच-दहा हजार रुपयांच्या मोबदल्यात खात्याचे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दलालाने नेलेले असते. बँकांच्या आणि पोलिसांच्या भाषेत याला ‘म्यूल खाते’ म्हणतात, म्हणजे ओझ्याचे खेचर. या खात्यातून पैसा दुसऱ्या, दुसऱ्यातून दहाव्या खात्यात पळतो, आणि शेवटी त्यातून टेथर हे डॉलरच्या भावाशी बांधलेले आभासी चलन विकत घेतले जाते. तिथून पुढे तो पैसा केवळ एका पत्त्यावर असतो.

केंद्रीय गृहखात्याने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे सायबर फसवणुकीत भारतीय नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये आणि २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. यातला सारा पैसा आभासी चलनात गेला असे नाही. पण जो गेला तो परत मिळण्याची आशा सर्वांत कमी.

तक्रार झाली की तपास खतावणीच्या मागे नव्हे, खात्याच्या मागे लागतो, कारण नाव आणि पत्ता असतो तो तिथेच. पहिला बोलावला जातो तो खाते भाड्याने देणारा. कित्येकदा त्याला आपल्या खात्यातून लाखो रुपये गेल्याची कल्पनाही नसते. तो अगदी निर्दोष असतो असे म्हणण्याचे कारण नाही. आपले नाव दुसऱ्याला वापरू देणे हा अपराध आहे आणि वस्तीतल्या मुलांना हे बजावून सांगितलेच पाहिजे. परंतु ज्याने पाच हजारांसाठी नाव विकले तो तुरुंगात आणि ज्याने त्या नावाआडून पाच कोटी नेले तो अज्ञात, या न्यायाला न्याय म्हणता येणार नाही. याहून दारुण स्थिती होते ती ज्याचा काहीच संबंध नाही अशा माणसाची. समजा, अशा पैशातले पाचशे रुपये मोबाइलवरून कोणी कापडाच्या दुकानात चुकते केले. दुकानदाराने कापड मोजून दिले, यापलीकडे त्याचा व्यवहार नाही. पण दूरच्या राज्यातील पोलीस ठाण्याचे एक पत्र बँकेला येते आणि त्याचे संपूर्ण खाते गोठविले जाते. नोकरांचे पगार, मालाची देणी, मुलाची फी, सर्व जागच्या जागी थांबते. खाते मोकळे करण्यासाठी त्याने हजार मैलांवरच्या ठाण्याशी पत्रव्यवहार करावा अशी अपेक्षा असते. देशातील उच्च न्यायालयांपुढे असे कित्येक अर्ज आले आहेत, आणि वादग्रस्त रकमेपुरतीच रोख ठेवावी, संपूर्ण खाते अडवू नये, असे न्यायालयांना अनेकदा सांगावे लागले आहे.

नागपूरला या विषयाची ओळख केवळ फोनवरच्या ठगांमुळे झालेली नाही. ‘इथर ट्रेड एशिया’ नावाच्या योजनेचा मुख्य आरोपी नागपूर पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये लोणावळ्यातून पकडला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे दोन हजार गुंतवणूकदारांचे चाळीस कोटींच्या घरातील रुपये यात बुडाले. त्याहून कितीतरी मोठे प्रकरण म्हणजे ‘गेनबिटकॉइन’. दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखविणाऱ्या या योजनेच्या सूत्रधाराला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच २०२२ मध्ये त्याचे निधन झाले. तपासयंत्रणांनी या घोटाळ्याची रक्कम ६,६०० कोटी रुपये सांगितली आहे. या प्रकरणातील एक उपकथा विशेष बोधप्रद आहे. तपासात मदत करण्यासाठी पोलिसांनी दोन खाजगी तज्ज्ञ नेमले होते, त्यांपैकी एक भारतीय पोलीस सेवेतील माजी अधिकारी होता. जप्त केलेल्या खात्यांतील आभासी चलन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये या दोघांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. आरोप सिद्ध होणे न होणे न्यायालयाच्या हाती आहे. परंतु ज्या विद्येचे ज्ञान शासनयंत्रणेत कोणालाच नाही ती विद्या भाड्याने आणली, तर तपासावर तपास करण्याची पाळी येते, हा धडा मात्र पक्का आहे. पुढे हे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने देशभर साठ ठिकाणी झडत्या घेतल्या. ज्यांनी शेत विकून, भविष्यनिर्वाह निधी काढून पैसे भरले, ते या काळात कोणत्या पायरीवर उभे होते हे सांगावयास नको.

अशा साखळी योजनांत पुढे दिसणारा चेहरा नेहमी ओळखीचा असतो. मेहुणा, शाळेतला मित्र, शेजारच्या गल्लीतला विमा एजंट. त्याने स्वतः आधी पैसे भरलेले असतात आणि ते सोडविण्यासाठी तो इतरांना गोवतो. बुडाले की लोक त्याच्या दारात जाऊन बसतात. वरचा सूत्रधार मात्र एका पत्त्यामागे दडलेला राहतो. म्हणजे इथेही रचना तीच: नाव खाली, निनावीपणा वर.

आभासी चलनाच्या बाजारांत खुद्द मालकच निनावी होऊ शकतो, हे तर फारच थोड्यांच्या लक्षात आले. ‘वझीरएक्स’ हा मुंबईतून चाललेला देशातील एक मोठा बाजारमंच. तो आपण विकत घेतल्याचे ‘बायनान्स’ या जगातील सर्वांत मोठ्या मंचाने २०१९ मध्ये जाहीर केले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने वझीरएक्सवर कारवाई करताच बायनान्सच्या प्रमुखाने, तो व्यवहार पूर्णच झाला नव्हता, असे सांगून हात वर केले; संस्थापकांनी उलट दावा केला. लाखो ग्राहकांची ठेव ज्याच्याजवळ, त्याचा मालक कोण याविषयी दोन कोट्यधीश जाहीरपणे भांडत होते. पुढे १८ जुलै २०२४ रोजी या मंचावरून सुमारे दोन हजार कोटी रुपयांचे चलन चोरीस गेले. उत्तर कोरियाशी संबंधित चोरट्यांचा यात हात असल्याचे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये संयुक्तपणे सांगितले. भारतीय ग्राहकांच्या दाव्यांचा विचार झाला तो सिंगापूरच्या न्यायालयात, आणि मंचावरची देवघेव पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. बायनान्सने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४.३ अब्ज डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. तिच्या संस्थापकाला चार महिन्यांची कैद झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफीही देऊन टाकली.

एवढ्यावरून, निनावी पैसा मुळातून उपटून टाका आणि प्रत्येक रुपयावर शासनाची नजर ठेवा, असे म्हणण्याचा मोह होईल. समाजवाद्यांनी तरी या मोहात पडू नये. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत भूमिगत झालेल्या कार्यकर्त्यांचे प्रवास, पत्रके आणि तुरुंगात गेलेल्यांच्या घरचा किराणा कशावर चालला? ज्यांनी नाव सांगितले नाही अशा माणसांनी मुठीत ठेवलेल्या नोटांवर. त्या प्रत्येक नोटेची नोंद दिल्लीच्या एखाद्या यंत्रात होत असती तर देणाऱ्यांची यादी सत्ताधाऱ्यांना आयतीच मिळाली असती. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकन कंपन्यांनी ‘विकिलीक्स’ला मिळणारी वर्गणी अडविली, तेव्हा त्या संस्थेने पुढच्या वर्षी बिटकॉइनचा मार्ग धरला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘अॅम्नेस्टी इंटरनॅशनल’च्या भारतीय शाखेची बँकखाती गोठविली गेली आणि तिला येथील काम थांबवावे लागले. संपकऱ्यांना मदत करणारा, दारुड्या नवऱ्यापासून चार पैसे लपवून ठेवणारी बाई, जातीबाहेर लग्न करून पळालेले जोडपे, या सर्वांना आपला पैसा कोणाला न दिसण्याची गरज असते. व्यक्तीच्या खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, त्याचा अर्थ पैशालाही लागू केला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी डिजिटल रुपया प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. छोट्या रकमांपुरता तरी तो नोटेसारखा खाजगी राहील काय, हा प्रश्न त्यामुळे तांत्रिक राहिलेला नाही. तो लोकशाहीचा प्रश्न झाला आहे.

शासनाच्या नजरेने काळा पैसा नाहीसा होतो, या श्रद्धेचा अनुभवही फारसा उत्साहवर्धक नाही. १६ जानेवारी १९७८ रोजी जनता सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. त्या सरकारात समाजवादी मंत्रीही होते, तेव्हा त्या उपायाच्या अपुरेपणाचा हिशेब समाजवाद्यांनीही मांडला पाहिजे. काळा पैसा त्यानंतरही वाढतच राहिला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत जरीपटक्याच्या बाजारासह सगळा देश रांगेत उभा राहिला आणि रिझर्व्ह बँकेच्या अहवालाप्रमाणे रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के बँकांत परत आल्या. रांगेत मेले ते सामान्य लोक. काळ्या पैशाचा धनी रांगेत दिसला नाही. आणि जे सरकार सामान्य माणसाकडून पै-पैचा दाखला मागत होते, त्यानेच २०१८ मध्ये निवडणूक रोखे आणले. कोणत्या धनिकाने कोणत्या पक्षाला किती दिले हे मतदाराला कळू नये, अशी कायदेशीर सोय त्यात केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरविली, तोवर १६,५०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले होते. बिटकॉइनच्या निनावीपणाने लोकशाहीला धोका आहे असे सांगणाऱ्यांनी या रोख्यांच्या निनावीपणाचे समर्थन केले होते, याचा विसर पडू देता कामा नये.

आभासी चलनाचे पुरस्कर्ते एक तात्त्विक दावाही करतात. सरकारे मनमानी नोटा छापून लोकांची बचत कुरतडतात. बिटकॉइनची संख्या ठरलेली असल्यामुळे तिथे ही लूट होऊ शकत नाही, असे ते म्हणतात. इंदोऱ्याच्या वस्तीत हा युक्तिवाद नवा वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात, चलन काढण्याचा अधिकार राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, त्याला मर्यादा हवी, असेच प्रतिपादन केले होते. परंतु बाबासाहेबांचा विचार तिथे थांबला नाही. रुपया घसरला की नफा व्यापाऱ्याला होतो आणि भुर्दंड मजुरीवर जगणाऱ्याला पडतो, हा त्यांचा मुद्दा होता. चलनाचे मोजमाप त्यांनी कष्टकऱ्याच्या ताटातल्या भाकरीवरून केले. त्याच मापाने आभासी चलन मोजले तर काय आढळते? ज्याच्या भावात महिन्याभरात निम्म्याने चढउतार होऊ शकतो, त्यात मजुरी घेता येत नाही की किराणा भरता येत नाही. संख्या मर्यादित असली तरी ती कोणाच्या हाती एकवटली आहे हे खतावणीत नावानिशी दिसत नाही. लोभापायी त्यात उतरणारा लहान माणूस शेवटी आला म्हणून पहिला बुडतो.

मग मार्ग कोणता? त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. या देशाच्या बाजाराला ते शतकानुशतके ठाऊक होते. सिंधमधील शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत वटत. हुंड्यांचे प्रकार अनेक: पाहताच पैसे द्यावयाची दर्शनी, मुदतीनंतरची मुदती, नाव लिहिलेली नामजोग. त्यांतील शहाजोग हुंडीची रीत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ती वाटेत कितीही हातांतून फिरली तरी तिचे पैसे द्यावयाचे ते केवळ एखाद्या ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या, माहितीतल्या माणसाला. हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहावर असे. मधल्या हातांची झडती कोणी घेत नसे. जिथे कागदाचे रुपये होतात त्या दारावर मात्र एक जबाबदार माणूस उभा केलेला असे. हुंडीचाही पुढे करचुकवेगिरीसाठी गैरवापर झाला आणि १९७७ पासून आयकर कायद्याने रोखीतल्या हुंडीव्यवहारावर बडगा उगारला, हे खरे. तरीही दारावरच्या जबाबदारीचे ते तत्त्व शहाणपणाचे होते.

आभासी चलनाच्या बाबतीत शासनाने नेमके हेच केलेले नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो ४ मार्च २०२० रोजी रद्द केला. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या कामकाजपत्रिकेवर एक विधेयक लागले, पण ते सभागृहात मांडलेच गेले नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पाने या चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि प्रत्येक व्यवहारावर एक टक्का उगमकपात लावली. मार्च २०२३ मध्ये बाजारमंचांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली आणले, ग्राहकाची ओळख पटविण्याचे बंधन घातले. म्हणजे सरकारने आपला हिस्सा घेतला, ग्राहकाचे नाव घेतले. परंतु ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा काही केला नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. आभासी चलनाचे रुपये करून देणाऱ्या प्रत्येक मंचाला आणि दलालाला परवाना सक्तीचा असावा, त्याच्या खऱ्या मालकाचे नाव जाहीर असावे आणि ग्राहकांची ठेव मालकाच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवलेली असावी. चोरीचा पैसा त्याच्या दारातून गेला आणि त्याने पुरेशी खातरजमा केली नसेल, तर भरपाई त्याने द्यावी. शहाजोग हुंडीचा हाच न्याय होता. दरमहा चार हजारांची उलाढाल असलेल्या खात्यातून एका दिवसात चाळीस लाख जातात, तेव्हा बँकेलाही उत्तरदायी धरावे. सारा दोष खातेदारावर लोटू नये. संशयित रकमेपुरतीच रोख ठेवावी, कारण लेखी कळवावे आणि ठरावीक मुदतीत खातेदाराच्याच जिल्ह्यात त्याचे म्हणणे ऐकावे. खाते भाड्याने दिलेल्या गरिबाने दलालाचे नाव सांगितले तर त्याच्याकडे साक्षीदार म्हणून पाहावे. लहान व्यवहारांचा खाजगीपणा कायद्याने राखावा. उलट कंपन्यांचे खरे धनी आणि राजकीय पक्षांचे देणगीदार यांना मात्र पडद्यामागे जागा नसावी.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर जे काम वस्तीत करता येण्यासारखे आहे त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. फसवणूक झाल्यावर पहिल्या तासाभरात १९३० या क्रमांकावर तक्रार केली तर पैसा वाटेत अडविता येण्याची शक्यता असते, हे प्रत्येक घरी सांगता येईल. पोलीस फोनवरून कोणालाही अटक करीत नाहीत, हे वृद्धांच्या मनावर बिंबविता येईल. खाते देऊ पाहणाऱ्या तरुणाला, तू पासबुक देत नसून आपले नाव देत आहेस, हे समजावता येईल. ज्याचे खाते विनाकारण अडकले त्याचा अर्ज लिहून देणे, त्याच्याबरोबर बँकेत आणि ठाण्यात जाणे, हे काम व्याख्यानाहून अधिक मोलाचे आहे. दुकानदार आणि कामगार यांना एका बाकावर बसवील असा हा प्रश्न आहे, कारण दोघांचेही खाते एकाच पत्राने गोठते.

नागपूरला जुना अनुभव नाही असे नाही. २००२ मध्ये उघडकीस आलेल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे घोटाळ्यात आभासी काही नव्हते. बँकेचे नाव होते, संचालकांच्या सह्या होत्या, दलाल कंपन्यांचे पत्ते होते. तरी विकत घेतलेले सरकारी रोखे बँकेत आलेच नाहीत आणि शेतकऱ्यांच्या ठेवी अडकल्या. खालच्या न्यायालयाचा निकाल लागला तो डिसेंबर २०२३ मध्ये, एकवीस वर्षांनी. सर्व नावे ठाऊक असताना जिथे इतका काळ लागतो, तिथे नावच नसलेल्या मालकाला जाब विचारणे किती कठीण, याची कल्पना करता येईल. म्हणून या वादात चलन चांगले की वाईट, हे ठरविण्यात शक्ती दवडण्यापेक्षा, पैसा बुडाल्यावर नाव कोणाचे पुढे येते एवढेच प्रत्येक प्रकरणात विचारले पाहिजे. जोवर ते नाव खाते भाड्याने देणाऱ्या पोराचे आणि कापड मोजून देणाऱ्या दुकानदाराचे असेल, तोवर निनावीपणाविषयीची सारी चर्चा ज्यांची नावे झाकलेली आहेत त्यांच्याच सोयीने चालली आहे, असे समजावे.